वाफारा : किती गरम, किती वेळ?

दिवाळी सरली, ज्वारी-हरभऱ्याची पेरणी आटोपली की आपल्या परभणी जिल्ह्यात थंडी उतरते. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचे किमान तापमान एक आकडी झाल्याची बातमी वर्तमानपत्रात येते आणि त्याच आठवड्यात दवाखान्यासमोर नाक चोंदलेल्यांची, घसा धरलेल्यांची रांग लागते. त्यात कापूस वेचणीची धूळ आणि पुढे तुरीच्या मळणीचे भुसकट यांची भर पडते. मग घरोघरी पातेल्यात पाणी उकळू लागते, आणि औषधांच्या दुकानात वाफेची प्लास्टिकची मशीन पुढच्या फळीवर येते.

मागच्या महिन्यात सेलूकडच्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. त्यांनी विचारले आहे, "मशीनवर कमी-जास्त करण्याचे बटण आहे, पण किती अंश हे कुठेही लिहिलेले नाही. माझ्यासाठी ते कुठे ठेवावे आणि सात वर्षांच्या नातवासाठी कुठे?" हा प्रश्न मला दवाखान्यातही नेहमी ऐकावा लागतो. तेव्हा आज थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. त्या बटणाने वाफेचे तापमान बदलत नाही. पाणी उकळले की वाफ होते, आणि परभणी समुद्रसपाटीपासून थोडी उंचावर असल्याने आपल्याकडे पाणी ९८-९९ अंश सेल्सिअसला उकळते. मशीन स्वस्त असो की महाग, बटण 'कमी'वर असो की 'जास्त'वर, तोटीतून बाहेर पडताना वाफ तेवढीच गरम असते. बटणाने बदलते ते वाफेचे प्रमाण. कमी वाफ आली तर ती बाहेरच्या हवेत लवकर मिसळते आणि नाकाशी पोचेपर्यंत निवते. जास्त आली तर तिचा झोत तसाच कढत लांबपर्यंत जातो. म्हणजे तापमानाचे खरे बटण मशीनवर नाही, ते तुमचे नाक आणि तोटी यांच्यामधल्या अंतरात आहे.

हे आपल्या जुन्या वैद्यांना चांगले ठाऊक होते. चरकसंहितेत स्वेदनाचे जे तेरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत नाडीस्वेद म्हणून एक आहे. औषधी काढ्याच्या भांड्याला नळी जोडून तिच्यातून आलेली वाफ रुग्णाला द्यायची. ही नळी सरळ ठेवू नये, दोन-तीन ठिकाणी वाकवावी, म्हणजे वाफेचा जोर मोडतो आणि कातडी न भाजता शेक मिळतो, असे तेथे कारणासह सांगितले आहे. डोळे, हृदय यांसारख्या जागी शेक अगदी सौम्य द्यावा किंवा देऊच नये, असेही बजावले आहे. विजेचे बटण नव्हते, थर्मामीटर नव्हता, पण वाफ आवरण्याची अक्कल होती. आज बाजारात मिळणाऱ्या मशीनची तोटी सरळ नाकासमोर उघडते, हे पाहून मला त्या वाकड्या नळीची हटकून आठवण होते.

आता नाकाशी वाफ किती गरम असावी? याचा अभ्यास झालेला आहे. १९८७ साली इस्राएलमधल्या डॉक्टरांनी सर्दीच्या रुग्णांना ४२ ते ४४ अंशांची दमट हवा नाकातून देऊन पाहिली. १९८९ साली इंग्लंडमध्ये डॉ. टायरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांना ४३ अंशांची, तर काहींना ३० अंशांची हवा वीस ते तीस मिनिटे दिली. ४३ अंशवाल्यांचा त्रास पुढच्या दिवसांत जवळपास निम्मा आढळला. साहजिकच सगळीकडे उत्साह पसरला. पण अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १९९० आणि १९९४ साली हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा काहीच फरक दिसला नाही. पुढे आपल्याच चंडीगडच्या पीजीआय संस्थेतील डॉ. मीनू सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून तपासल्या. गरम दमट हवेने सर्दी बरी होते असे खात्रीने म्हणता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला.

याचा अर्थ वाफ घेणे सोडून द्यावे असा मी काढत नाही. कोंदलेले नाक पंधरा-वीस मिनिटे मोकळे वाटते, सुकलेला शेंबूड सैल होतो, घशाला ऊब मिळते, रात्री झोप लागते. एवढा आराम खरा आहे आणि मोठ्या माणसाला तो हवा असेल तर जरूर घ्यावा. मात्र सर्दीचा विषाणू वाफेने मरतो ही समजूत टाकून द्यावी. प्रयोगशाळेत हे विषाणू ७० अंशांच्या आसपास काही मिनिटांत निकामी होतात हे बरोबर, पण तेवढी उष्णता आपल्या नाकाचे अस्तर सोसू शकत नाही. विषाणूच्या आधी आपणच भाजतो. आणि वर सांगितलेल्या प्रयोगांत ज्यांना गुण आला असे म्हणतात, त्यांनाही ४३-४४ अंशांच्या पुढे कोणी नेले नव्हते. अधिक गरम म्हणजे अधिक गुणकारी, याला कसलाच आधार नाही.

मग घरी ४३ अंश ओळखायचे कसे? थर्मामीटर धरून बसण्याची गरज नाही, तो आपल्या कातडीतच बसवलेला आहे. कातडीतल्या आणि नाकाच्या अस्तरातल्या मज्जातंतूंवर एक सूक्ष्म खिटी असते. साधारण ४३ अंशांच्या वर गेले की ती उघडते आणि मेंदूला 'चटका' अशी वर्दी जाते. गंमत अशी की हीच खिटी मिरचीच्या तिखटानेही उघडते, म्हणूनच ठेचा खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखे वाटते. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी ही खिटी १९९७ साली मिरचीच्याच मदतीने शोधून काढली आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तेव्हा वाफ घेताना नाकाला ऊब लागली पाहिजे, झोंबता कामा नये. झोंबली की ४३च्या पुढे गेलात, चेहरा मागे घ्या. आधी मनगटाची आतली बाजू नाकाच्या जागी अर्धा मिनिट धरून पाहावी. तिथे सुखाने सोसली तर चेहऱ्यालाही सोसेल. पहिल्यांदा निदान दीड वीत अंतर ठेवून सुरुवात करावी आणि मग हळूहळू जवळ यावे. डोळे मिटलेले असावेत.

इथे मधुमेहाच्या रुग्णांना वेगळे सांगायला हवे. बरीच वर्षे साखर वाढलेली असली की नसांची जाणीव बोथट होते. असा माणूस "मला तर काही गरम लागत नाही" म्हणत तापलेल्या भांड्याजवळ बसून राहतो. अर्धांगवायू झालेल्यांचे आणि फार वृद्ध माणसांचेही तसेच. त्यांच्या वाफेचा अंदाज घरातल्या दुसऱ्या कोणी आपल्या मनगटाने घ्यावा.

मशीनविषयी सांगतो. बाजारात साधारण दोन जातींची मशीन मिळतात. एका जातीत भांड्याच्या तळाशी तापणारी तबकडी असते. तिच्यात साधे पाणी घालावे, मीठ घालू नये, आणि पाणी संपण्याआधी बंद करावी. दुसरी जात स्वस्त आणि जास्त खपाची. प्लग काढून हिच्या आत डोकावलात तर दोन पट्ट्या समोरासमोर दिसतील. यात तापणारी तार नसतेच. वीज एका पट्टीकडून दुसरीकडे पाण्यातून जाते आणि त्यामुळे पाणीच तापते. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी वीज जास्त वाहते आणि वाफ जोरात येते. म्हणून तर मशीनबरोबरच्या कागदावर 'चिमूटभर मीठ घाला' असे छापलेले असते.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट पाहा. एक बाई मशीन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, दुकानदारानं बिघडलेली दिली. वाफ येतच नाही." त्या जारचे शुद्ध पाणी घालत होत्या. त्या पाण्यात क्षारच नसल्यासारखे, मग वीज वाहणार कशी? चार खडे मीठ टाकल्यावर मशीन सुरू झाली. त्यानंतर काही दिवसांनी एका काकांची उलट तक्रार आली, "लई उसळी मारतीय हो, तोंडावर शिंतोडे उडतेत." ते बोअरचे पाणी वापरत आणि वर कागदात लिहिले आहे म्हणून मीठही घालत. आपल्याकडच्या बोअरचे पाणी किती जड असते हे साबणाला फेस न येण्यावरून बायकांना आधीच ठाऊक असते. अशा पाण्यात मिठाची गरज नाही. उलट त्यात निम्मे जारचे पाणी मिसळावे, वाफ शांतपणे येते. म्हणजे या जातीच्या मशीनमध्ये मीठ आणि पाणी हेच खरे कमी-जास्तचे बटण आहे. मीठ टाकायचेच तर दोन बोटांची चिमूट, मिनिटभर वाट पाहावी, लागले तर थोडे आणखी. मूठभर टाकले तर पाणी उसळते, वायर तापते, घरातला फ्यूज उडतो.

आणि या मशीनमधल्या पाण्यातून प्रत्यक्ष वीज जात असते हे विसरू नये. पाणी तापले की नाही ते बोट घालून पाहणारे लोक मी पाहिले आहेत. झाकण उघडायचे, पाणी घालायचे, ओतायचे, सगळे प्लग काढल्यावरच. ओल्या मोरीत, ओल्या फरशीवर मशीन लावू नये. मशीनच्या टाकीत तेल, बाम, ओवा, तुळस काही टाकू नये. पट्ट्यांवर थर बसतो, तोटी तुंबते आणि तुंबलेली वाफ झाकण उडवते.

ओवा-तुळशीचे नाव निघालेच तर त्याविषयीही. ओव्यातला उग्र वासाचा भाग म्हणजे थायमॉल, निलगिरीतला सिनिऑल, पुदिन्यातला मेंथॉल. हे एकटे तापवले तर पावणेदोनशे-दोनशे अंशांच्या पुढे उकळतात, पण उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर त्याआधीच वर येतात. अत्तरवाले याच युक्तीने अर्क काढतात. त्यामुळे पातेल्यात चमचाभर ओवा पुरतो, निलगिरीचे दोन थेंब पुरतात. वाटीभर ओव्याने डोळ्यांची आग होण्यापलीकडे काही होत नाही. मेंथॉलच्या वासाने नाक झटकन मोकळे झाल्यासारखे वाटते. कार्डिफच्या प्रा. रॉन एकल्स यांनी मोजून पाहिले, तर नाकातली वाट पूर्वीइतकीच अरुंद निघाली. मेंथॉल फक्त थंडाव्याची जाणीव जागी करते. वाटते ते बरे वाटते, एवढेच. अडुळशाची पाने पाण्यात उकळून वाफ घेणाऱ्यांनी समजून घ्यावे की अडुळशातला खोकल्याच्या कामाचा भाग ओव्याच्या तेलासारखा उडणारा नाही. तो भांड्यातच राहतो.

आपल्या आज्या ओवा तव्यावर गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधतात आणि हुंगायला देतात. पाण्याशिवायची ही रीत मला पातेल्यापेक्षा बरी वाटते, कारण सांडायला काही नसते. फक्त तवा मंद असावा. ओव्याचा वास सुटला की उतरवावा. काळा पडून धूर येऊ लागला म्हणजे औषध संपले आणि काजळी उरली. पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून पाहावी, मग दुसऱ्याला द्यावी. निलगिरी आणि कापूर यांबाबत मात्र कडक राहावे. दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाशी, छातीशी यांतले काही नको, श्वास अडकू शकतो. पोटात गेले तर मुलांना झटके येतात. फिट्सचा आजार असलेल्या मोठ्या माणसांनीही निलगिरी-कापराच्या उग्र वासापासून दूर राहावे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स रुग्णालयातील मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा झटक्यांच्या बऱ्याच नोंदी केल्या आहेत.

अलीकडे कॉलेजची पोरे मोबाईलवर पेनासारखे एक यंत्र दाखवतात. त्यात कोरडा पाला भरायचा, बटणाने १८० ते २२० अंश असे तापमान लावायचे आणि निघालेला वाफारा ओढायचा. "सर, यात धूर नाही, औषधी वनस्पती टाकली तर काय बिघडतं?" असे विचारतात. पाला जाळला नाही म्हणून तो औषध होत नाही, आणि आत काय भरले जाते हे मला आणि त्यांनाही माहीत असते. शिवाय पदार्थ तापवून वाफारा ओढण्याच्या अशा विजेच्या यंत्रांचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर आपल्या देशात २०१९ च्या ई-सिगारेटबंदी कायद्याने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. अंश किती लावायचे हा प्रश्न तिथे येतच नाही.

आता नातवाचा प्रश्न. गुरुजी, नातवाला वाफ देऊ नका. बटण कुठेही ठेवा, तरी देऊ नका.

हे मी का म्हणतो ते सांगतो. पाणी ६० अंशांचे असेल तर मोठ्या माणसाची कातडी पाच सेकंदांत खोलवर भाजते. ७० अंशांना एक सेकंद पुरतो. चुलीवरून उतरवलेले पातेले तर नव्वदच्या पुढे असते, आणि लहान मुलाची कातडी आपल्यापेक्षा पातळ. वाफेने भाजणारी मुले थोडी. बहुतेक मुले भाजतात ती पातेले कलंडल्याने. मागच्या हिवाळ्यात मानवतकडचे सहा वर्षांचे एक पोर माझ्याकडे आणले होते. पलंगावर पातेले, वर गोधडी, आत पोर आणि त्याची आजी. गुदमरल्यासारखे झाले म्हणून पोराने पाय झाडला आणि उकळते पाणी दोन्ही मांड्यांवर आले. गोधडीने ते पाणी शोषून धरले, त्यामुळे जखम आणखी खोल गेली. सर्दी चार दिवसांत गेली असती. पोराला पुढे परभणीला पाठवावे लागले आणि महिनाभर शाळा बुडाली. आजीने अन्न सोडले होते. तिचा काय दोष? तिला तिच्या आजीने तसेच शिकवले होते.

हे फक्त आपल्याकडे होते असेही नाही. २०२० साली करोनाच्या भीतीने सगळे जग वाफ घेऊ लागले, तेव्हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात वाफ घेताना भाजलेल्या मुलांचे प्रमाण नेहमीच्या तीसपट झाले. तेथील डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले.

मोठ्यांनी पातेल्यानेच वाफ घ्यायची असेल तर गॅस बंद करून पाच मिनिटे थांबावे. पातेले पसरट बुडाचे, जमिनीवर किंवा भक्कम टेबलावर असावे. मांडीवर, पलंगावर, डुगडुगत्या स्टुलावर नको. डोक्यावर पातळ टॉवेल पुरे, गोधडी नको. खोलीत रांगते मूल नसावे. पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोनदा, त्याहून जास्त नको. नाकाचे अस्तर भाजून सुजले तर नाक आणखीच चोंदते, आणि माणूस ते मोकळे करायला पुन्हा वाफेला बसतो.

तरीही कोणी भाजलेच तर पहिली गोष्ट, ओले कपडे, कडदोरा, वाळे, बांगड्या लगेच काढाव्यात, चिकटलेले कापड ओढू नये. दुसरी, साध्या गार वाहत्या पाण्याखाली तो भाग वीस मिनिटे घड्याळ लावून धरावा. तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो, म्हणून उशीर झाला तरी करावे. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ, तूप काही लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ कापड सैल गुंडाळून दवाखान्यात यावे.

मुलाचे नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. दोन-दोन थेंब घालून थोड्या वेळाने नाक पुसावे. एक वर्षावरील मुलाला रात्री चमचाभर मध द्यावा, एका वर्षाच्या आत मध मुळीच नको. मात्र मूल धापा टाकत असेल तर घरी काहीच करत बसू नये. झोपलेल्या किंवा शांत मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा जास्त, एका वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो न्युमोनिया असू शकतो. वाफेने तो जात नाही, वेळ मात्र जातो.

दम्याच्या रुग्णांचा एक घोटाळा नेहमी होतो. दवाखान्यात मास्क लावून जे औषध देतात ते नेब्युलायझर मशीन. त्यातून येणारा धूसर फवारा गरम नसतो. हवेच्या दाबाने औषधाचे अगदी बारीक थेंब केलेले असतात आणि ते छातीत खोल जातात. वाफेची मशीन हे काम करू शकत नाही. नेब्युलायझरचे औषध वाफेच्या मशीनमध्ये घालून घेणारे रुग्ण मला भेटले आहेत. औषधही वाया आणि दमाही तसाच. काही दमेकऱ्यांना तर गरम वाफेने उबळ वाढते.

शेवटी मशीनच्या निगेचे. बोअरच्या पाण्याने पंधरा दिवसांत पट्ट्यांवर पांढरा थर चढतो आणि वाफ मंदावते. मग लोक मीठ वाढवत जातात. त्याऐवजी प्लग काढून, मशीन पूर्ण गार झाल्यावर, टाकीत पट्ट्या बुडतील इतके पाणी आणि दोन लिंबांचा रस घालून तासभर ठेवावे, जुन्या दातांच्या ब्रशने घासावे आणि दोनदा साध्या पाण्याने विसळून उलटी वाळत घालावी. रात्रीचे उरलेले पाणी सकाळी तसेच उकळू नये, ओतून टाकावे.